सॅनिटायझरची बाटली: दुकानापासून भंगारापर्यंत

करोनाची साथ ओसरली, तरी वणीच्या बऱ्याच घरांत तिची एक खूण अजून शिल्लक आहे: कपाटावर, फ्रिजमागे नाहीतर मोरीच्या खिडकीत ठेवलेला, अर्धवट भरलेला सॅनिटायझरचा कॅन. गावात ताप-सर्दी वाढली की कोणी तो खाली काढतं, कोणी त्याने टीव्हीचा पडदा पुसतं. ही वस्तू आपण २०२० मध्ये घाईघाईने घरात आणली. ती कशाची बनते, कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे समजून घ्यायला तेव्हा कोणाला उसंत नव्हती. ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

असं सावकाश पाहायला आणखी एक कारण आहे. या बाटलीपायी २०२१ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात तीन महिन्यांच्या आत दोन घटना घडल्या. एक घाटंजी तालुक्यात, लसीकरणाच्या वेळी. दुसरी वणी शहरात. दोन्हीकडे हातावर लावायची चीज पोटात गेली. त्या घटना ज्या टप्प्यावर येतील, तिथे सांगतो.

बाटलीत असतं काय

सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोल आणि पाणी. अल्कोहोल दोनपैकी एक असतं. पहिलं एथेनॉल. उसाची मळी किंवा धान्य आंबवून ते काढतात. बाटलीवर ‘इथाइल अल्कोहोल’ असंही लिहिलेलं असतं. दुसरं आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे कारखान्यात पेट्रोलियम पदार्थांपासून बनतं आणि पिण्याच्या दारूत ते कधीच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेची ठरलेली कृती आहे. त्यात एथेनॉल ८० टक्के, किंवा आयसोप्रोपिल असेल तर ७५ टक्के. सोबत दीड टक्क्याला थोडं कमी ग्लिसरीन आणि अगदी नावाला, ०.१२५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड. ग्लिसरीन कातडी कोरडी पडू नये म्हणून. पेरॉक्साइड हातासाठी नसतं. बाटलीतच जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात निजलेले जंतू, उरले असतील तर ते मारायला ते घालतात. म्हणून हे मिश्रण तयार झाल्यावर ७२ तास ठेवून मगच वापरायचं असतं.

करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं आणि आतली प्रथिनं साकळवतं. उकडताना अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तसंच काहीसं. एकदा प्रथिनं साकळली की विषाणू निकामी झाला.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ७० टक्क्यांनी काम होतं तर ९९ टक्के अल्कोहोल आणखी जोरदार असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. प्रथिनं साकळायला पाणी लागतं. शिवाय निव्वळ अल्कोहोल हातावर टिकतच नाही, क्षणात उडून जातं. म्हणून ६० ते ९० टक्क्यांच्या मधलंच मिश्रण उपयोगाचं. ६०च्या खाली गेलं की जोर कमी होतो. घरात कोरफडीचा गर आणि स्पिरिट अंदाजाने कालवून केलेलं सॅनिटायझर बहुतेक वेळा इथेच फसतं.

विकत घेताना

मार्च २०२०मध्ये तुटवडा झाला, तेव्हा केंद्र सरकारने २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपये ही कमाल किंमत ठरवून दिली. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझर बनवायची मुभा मिळाली. मग जुलै २०२०मध्ये विक्रीसाठी परवाना लागण्याची अट काढली. माल गावोगाव पोहोचावा हा हेतू योग्यच होता. पण त्यामुळे औषधाच्या दुकानात मिळणारी वस्तू किराणा दुकानात, पानटपरीवर आणि मोबाइल रिचार्जच्या काउंटरवर आली. विकणाऱ्याला आत काय आहे ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही.

तेव्हा आपण बाटली हातात घेतली की आधी मागची बाजू बघावी. पुढच्या बाजूला लिंबाचं चित्र आणि ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ एवढंच असतं. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरांत.

पहिली गोष्ट, अल्कोहोलचं नाव आणि टक्केवारी. टक्केवारीपुढे ‘व्ही/व्ही’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिली द्रवात इतके मिली अल्कोहोल. नुसतं ‘अल्कोहोल बेस्ड’ लिहून आकडा दिलेला नसेल, तर ती बाटली परत ठेवा.

दुसरी गोष्ट, बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत. परवाना विक्रीचा गेला, उत्पादनाचा नाही. सुटा माल, म्हणजे मोठ्या ड्रममधून आपल्या बाटलीत ओतून दिलेला, कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

हा सगळा खटाटोप का, तर मिथेनॉलसाठी. मिथेनॉल हे कारखान्यांत वापरायचं स्वस्त अल्कोहोल. रंग नाही, वास एथेनॉलसारखाच. नाकाने किंवा डोळ्यांनी दोन्हींत फरक करता येत नाही. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेने २०२०मध्ये मुंबई-ठाण्याच्या बाजारातले शंभरावर नमुने प्रयोगशाळेत तपासले. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत लेबलावर होतं ते आत नव्हतं, आणि काहींत मिथेनॉल निघालं. ही महानगरातली गत. तालुक्याच्या बाजारात येणाऱ्या मालाची तपासणी किती होत असेल, याचा अंदाज आपला आपण करावा.

आणखी एक तक्रार नोंदवतो. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल असेल तर कवटीचं चित्रही असतं. ज्याला वाचता येत नाही असा शेतमजूरही ते ओळखतो. सॅनिटायझरवर फार तर आगीची एक ज्वाळा काढलेली असते, आणि ‘फक्त बाह्य वापरासाठी’ हे इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत.

तीस मिलीचा हिशेब

आता वणीची घटना. एप्रिल २०२१. दुसरी लाट भरात होती. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागले आणि दारूची दुकानं बंद झाली. नदीपलीकडे जाऊन सोय होईल, तेही नाही. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५पासून दारूबंदी होती. ती उठवायचा निर्णय पुढे मे २०२१च्या अखेरीस झाला. वर्धा जिल्हा तर १९७५पासून कोरडा. अशा वेळी २३ आणि २४ एप्रिलला वणीत सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. हातावर पोट असलेली माणसं. त्यांनी पाच लिटरचा कॅन आणला होता आणि ३० मिली सॅनिटायझरने २५० मिली दारूएवढी नशा होते असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं, असं पोलिसांच्या हवाल्याने तेव्हाच्या बातम्यांत आलं.

हा ३० मिलीचा हिशेब आपण करून पाहू. सॅनिटायझर ७५ टक्क्यांचं धरलं, तर ३० मिलीत साधारण साडेबावीस मिली अल्कोहोल. दुकानातल्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के असतं, म्हणजे २५० मिलीत १०७ मिली. साडेबावीस कुठे आणि १०७ कुठे! बाटलीत निव्वळ एथेनॉल असतं, तर ३० मिलीने एका पेगाच्या आसपासच चढली असती. तेवढ्याशा घोटात खरोखर अडीचशे मिलीएवढी ‘किक’ बसत असेल, तर ती दारूची नाही, बाटलीतल्या दुसऱ्या कशाची तरी आहे.

दुसरं काय असू शकतं? सॅनिटायझरमधलं एथेनॉल कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम कडू किंवा अपायकारक रसायनं घालतात. याला डिनेचर करणं म्हणतात. चवीला ते इतकं वाईट लागतं की कोणी पिणार नाही, असा हिशेब. पण दारू तुटून ज्याचे हात थरथरताहेत त्याला चव अडवत नाही.

आयसोप्रोपिल असेल तर गुंगी एथेनॉलपेक्षा जास्त खोल आणि लांबणारी येते. पोटाचं अस्तर सोलवटतं, रक्ताची उलटी होऊ शकते, श्वास मंदावतो.

आणि मिथेनॉल असेल, तर सगळ्यात फसवं. प्यायल्यावर पहिले काही तास माणूस नुसता चढल्यासारखा दिसतो. यकृत हळूहळू त्याचं फॉर्मिक अॅसिड करतं. लाल मुंगीच्या डंखात असतं तेच आम्ल. हे आम्ल डोळ्यांच्या नसा जाळतं आणि रक्त आम्लधर्मी करतं. खरा त्रास साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतो, आणि सोबत साधी दारू पोटात असेल तर आणखी उशिरा. रात्री प्यायलेला माणूस सकाळी बरा दिसला म्हणून घरचे निर्धास्त होतात, तोवर आत काम चालू असतं. १० मिलीइतक्या मिथेनॉलने दृष्टी गेल्याची उदाहरणं आहेत. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनेच.

वणीचा प्रकार एकटा नव्हता. जुलै २०२०च्या अखेरीस आंध्र प्रदेशात प्रकाशम जिल्ह्यातल्या कुरिचेडू गावात असंच झालं होतं. तिथेही टाळेबंदी, दुकानं बंद, आणि सॅनिटायझर पिऊन दहाहून अधिक मृत्यू. म्हणजे वणीच्या आठ-नऊ महिने आधी धोक्याची घंटा वाजली होती.

घरात रोज पिणारं कोणी असेल, तर इथे एक टप्पा आपल्याला माहीत असायलाच हवा. रोजची सवय असलेल्याची दारू एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, छातीत धडधड, झोप उडणं सुरू होतं. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, माणूस नसलेलं काहीतरी पाहू लागतो. हे नाटक नाही आणि हट्टही नाही. हा आजार आहे, जीवघेणा ठरू शकतो, आणि त्यावर दवाखान्यात गोळ्या-सलाईनचे साधे उपचार आहेत. ‘बरं झालं, दुकान बंद झालं, आता तरी सुटेल’ म्हणून घरचे खूश होतात आणि तोच माणूस कपाटावरचा कॅन शोधू लागतो. दुकानं बंद होणार असं कळलं की कॅन कुलपात जावा आणि माणूस डॉक्टरकडे. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आता १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते, मराठीतही बोलता येतं.

घरात ठेवताना

३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यांची प्रकृती स्थिर राहिली. थेंबांचंच प्रमाण होतं म्हणून निभावलं.

ही प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून झालेली चूक आहे, म्हणून आपल्यासाठी जास्त बोलकी. तोंडात जायची वस्तू आणि हातावर लावायची वस्तू एका टेबलावर, सारख्या दिसणाऱ्या लहान बाटल्यांत ठेवली की कधी ना कधी हात चुकतो. देवघरातल्या तेलाच्या बाटलीजवळ, मुलांच्या खोकल्याच्या औषधाशेजारी, पाण्याच्या माठापाशी सॅनिटायझर ठेवू नये.

कॅनमधून ओतून घ्यायचं असेल, तर सॅनिटायझरच्याच जुन्या बाटलीत घ्यावं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही नाही, वर नाव लिहून ठेवलं तरी नाही. शेतीच्या औषधाच्या बाबतीत हे आपल्या भागात बहुतेकांना पटलेलं आहे. सॅनिटायझरला फळाचा वास असतो म्हणून ते कोणाला औषध वाटत नाही, एवढाच फरक.

वणीच्या उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो. बंद गाडीत, पत्र्याखाली बाटली ठेवली तर ती आपोआप पेट घेत नाही. एथेनॉल स्वतःहून पेटायला साडेतीनशे अंशांच्या वर तापमान लागतं. गाडीत बाटली फुटल्याचा एक व्हिडिओ साथीत सगळ्यांनी पुढे पाठवला होता, तो सोडून द्या. खरी गोष्ट अशी की झाकणातून वाफ उडत राहते आणि त्या वाफेला ठिणगी पुरते. शिवाय उडतं ते आधी अल्कोहोल, उरतं ते पाणी. दोन उन्हाळे सैल झाकणाने काढलेल्या बाटलीवर ७० टक्के लिहिलेलं असलं, तरी आत तेवढं नसतं.

हातावर लावताना

आधी हात बघा. खाणीतून आलेल्या माणसाच्या हातावर कोळशाची धूळ असते, चुन्याच्या भट्टीवरच्या माणसाच्या हाताला चुना, शेतातून आलेल्याच्या हाताला माती किंवा फवारणीचं औषध. खर्रा घोटलेल्या हाताला सुपारी-तंबाखू-चुना यांचा लेप. यातल्या कुठल्याही हातावर सॅनिटायझर काम करत नाही. थराखालच्या जंतूपर्यंत अल्कोहोल पोहोचत नाही, आणि कीटकनाशक तर त्याने मुळीच निघत नाही. तिथे साबण आणि पाणी.

हात कोरडे हवेत. ओल्या हातावर घेतलं की ७० टक्क्यांचं पन्नास होतं.

किती घ्यायचं? दोन थेंबांनी काही होत नाही. तळव्याच्या खोलगट भागात मावेल इतकं, साधारण तीन मिली. आधी तळवे एकमेकांवर, मग हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, बोटं एकमेकांत अडकवून त्यांच्या पाठी. मग अंगठे, एकेक मुठीत धरून फिरवायचे. शेवटी बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर घासायची. सगळ्यात जास्त सुटतात ते अंगठे आणि टोकं, आणि नाका-तोंडाला तीच लागतात. अंगठी असेल तर सरकवून तिच्याखाली.

हे २० ते ३० सेकंद चाललं पाहिजे, आणि हात आपोआप सुकले पाहिजेत. लावलं आणि लगेच पँटीला पुसलं, हा प्रकार दुकानांच्या दारात सर्रास दिसायचा. अल्कोहोलला वेळच मिळाला नाही तर ते करणार काय?

हात पूर्ण सुकल्याशिवाय गॅस, दिवा, उदबत्ती, बिडी यांच्याजवळ जाऊ नये. ही आग लबाड असते. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी, उजेडात दिसतही नाही. हात पेटलाय हे आधी चटक्याने कळतं.

लहान मुलांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. दुकानातले पायाने दाबायचे स्टँड मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर असतात, म्हणजे बरोबर मुलाच्या डोळ्यांसमोर. साथीच्या काळात फ्रान्समध्ये मुलांच्या डोळ्यांत सॅनिटायझर उडाल्याच्या घटना कित्येक पटींनी वाढल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. मुलाच्या हातावर आपण द्यावं, त्याला स्टँडसमोर उभं करू नये.

साबण कधी

पाणी असेल तिथे साबणच. जेवणाआधी, शौचाहून आल्यावर, बाळाचं पुसल्यावर. गॅस्ट्रोच्या साथीतले काही विषाणू, उदाहरणार्थ नोरोव्हायरस, यांना चरबीचं आवरणच नसतं. त्यांच्यापुढे अल्कोहोल फारसं चालत नाही. साबण त्यांना मारत नसला तरी हातावरून सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो. अशा वेळी साबण जरा जास्त घ्यावा आणि चोळण्याचा वेळ वाढवावा.

मास्क, आणि खर्रा

खरं सांगायचं तर करोनाच्या साथीत आपण हात आणि वस्तूंवर जितका जीव टाकला, तितका हवेवर टाकला नाही. भाजी धुतली, नोटा इस्त्री केल्या, पार्सलवर फवारे मारले. आणि चाळीस माणसं खिडक्या लावून एका खोलीत बसली. हा विषाणू प्रामुख्याने हवेतून, श्वासातून पसरतो, आणि वस्तूला हात लावून होण्याचा धोका त्या मानाने बराच कमी, हे २०२१पर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट झालं होतं. माणसांवर जंतुनाशकाचे फवारे मारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२०मध्येच सांगितलं होतं. तरी फवारणीचे बोगदे काही दिवस उभे होतेच.

तेव्हा मास्क. साधा तीन पदरी मास्क घेतला तर बाहेरचा पदर पाणी न धरणारा, आतला घाम शोषणारा, आणि मधला गाळणीचा. मधला पदर नसेल तर ते नुसतं कापड. उजेडासमोर धरून पाहिलं किंवा एक मास्क कात्रीने कापून पाहिला की कळतं.

एन-९५ म्हणजे हवेतले अतिशय बारीक कण किमान ९५ टक्के अडवणारा मास्क. त्याची गंमत अशी की तो केवळ जाळीने अडवत नाही. त्याच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, आणि कण त्याकडे खेचले जाऊन चिकटतात. आता त्यावर सॅनिटायझर फवारलं, तर तो विद्युतभार जातो. धुतला तरी जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, गाळण्याचं काम मात्र अर्ध्यावर येतं. मास्कवर सॅनिटायझर मारणारी काळजीवाहू माणसं साथीत जागोजाग होती. त्यापेक्षा तीन-चार मास्क कागदी पाकिटांत ठेवून आलटून-पालटून वापरावेत. ओला, मळका किंवा नाडी सैल झालेला फेकावा.

झडपेचा मास्क साथीत नको. झडप आपला श्वास न गाळता बाहेर सोडते. म्हणजे आपण आजारी असलो तर समोरच्याला काहीच आडोसा नाही. जुलै २०२०मध्ये केंद्रानेही याबद्दल राज्यांना लिहिलं होतं.

घालताना नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवायची, मग जोरात श्वास सोडून बघायचं. चष्मा धुरकट होत असेल किंवा डोळ्यांना वारा लागत असेल, तर हवा कडेनेच ये-जा करते आहे. दाट दाढीवर एन-९५ बसत नाही.

आणि आपल्याकडचा खास अडथळा खर्रा. तोंडात खर्रा असला की दर पाच मिनिटांनी मास्क हनुवटीवर, पिचकारी, पुन्हा मास्क वर. हनुवटीवरची, बोटांवरची घाण प्रत्येक वेळी नाकाशी. त्यात एकाच पन्नीतला खर्रा चौघांत. कितीही महागाचा मास्क असला तरी त्यापुढे टिकत नाही.

हातमोजे बाजारात जाताना निरुपयोगीच. मोज्याने भाजी, नोटा, मोबाइल आणि शेवटी स्वतःचं नाक, सगळं शिवलं जातं. वर मोज्यांवर सॅनिटायझर चोळायचं, म्हणजे रबर खराब.

‘पीपीई किट’ हे नाव आपण करोनात ऐकलं, पण शरीर झाकून काम करायचा प्रश्न या जिल्ह्यात त्याआधीच येऊन गेला होता. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, जोराचे पंप, दमट उकाडा, आणि तोंडाला फार तर दुपट्टा. नंतर मास्क-मोजे-चष्म्याचे संच वाटले गेले. ते किती जणांनी घातले, ते बांधावर जाणाऱ्याला माहीत आहे. त्या उकाड्यात अर्धा तासही निभत नाही. फवारणी पहाटे आणि वाऱ्याकडे पाठ करून करणं त्यापेक्षा जास्त जमतं. मात्र या दोन कामांच्या मास्कची गल्लत करू नये. करोनाचा एन-९५ कण अडवतो, वाफ आणि वास अडवत नाही. उरलेला एन-९५ लावून फवारणीला जाणं पुरेसं नाही.

हवेचा सोपा उपाय आपल्या विदर्भात घरोघरी आहे: कूलर. खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवलेला कूलर सतत ताजी हवा आत ढकलतो. समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवलं की जुनी हवा बाहेर. बंद खोलीतल्या एसीला हे जमत नाही, तो तीच हवा फिरवतो. मात्र कूलर खोलीच्या आत उभा करून दारं लावली, तर फायदा गेला.

काही चुकलंच तर

मुलाने सॅनिटायझर लागलेलं बोट चाटलं, तर घाबरू नये. तोंड धुवावं, पाणी पाजावं, लक्ष ठेवावं. घोट गेला असेल तर लगेच दवाखाना, कारण लहान मुलाच्या रक्तातली साखर त्याने एकदम उतरू शकते.

मोठ्या माणसाने प्यायलं असेल, तर तो बोलतो-चालतो आहे म्हणून थांबू नये. उलटी करवू नये, मिठाचं पाणी नको, लिंबू-ताकाचा उतारा नको, आणि ‘दारूवर दारू’ म्हणून घरी काही पाजणं तर नकोच. मिथेनॉलवर दवाखान्यात उतारा आहे, पण तो रक्त तपासून, मोजून द्यावा लागतो, आणि पुष्कळदा डायलिसिस लागतं. १०८ला फोन करून आधी वणीच्या सरकारी रुग्णालयात, आणि तिथून पुढे पाठवलं तर वेळ न घालवता जावं. यवतमाळ शंभरेक किलोमीटर आहे, चंद्रपूर त्याच्या निम्म्यावर. अंधुक दिसणं, डोळ्यांपुढे धुकं, पोटात कळ, धाप ही लक्षणं दिसू लागली, तर मिनिटामिनिटाला किंमत आहे. बाटली किंवा कॅन सोबत न्यावा. आत काय होतं हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. पोलिसांच्या भीतीने काय प्यायलं ते लपवू नये. सोबत आणखी कोण प्यायला बसलं होतं, हेही सांगावं, म्हणजे घरी झोपलेल्यांना वेळेत आणता येतं.

डोळ्यांत गेलं तर चोळायचं नाही. पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, मग डॉक्टर. हाताला चटका बसला तर २० मिनिटं साधं गार पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही.

मुदत संपल्यावर

मुदत संपलेलं सॅनिटायझर विष होत नाही, त्याचा जोर कमी होतो. हातासाठी त्यावर भरवसा ठेवू नये. थोडं उरलं असेल तर आसपास गॅस-दिवा पेटलेला नाही हे बघून, भरपूर पाण्याबरोबर थोडं थोडं मोरीत सोडावं. चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत ओतू नये; ज्योत धारेवरून उलटी बाटलीत चढते. ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुवायच्या आम्लात मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतात.

उरतो तो पाच लिटरचा कॅन. जाड, टिकाऊ, पकडायला मूठ असलेला. असा कॅन आपल्याकडे कोणी टाकत नाही. तो शेतात पाणी न्यायला, डिझेल आणायला, नाहीतर खायचं तेल भरायला घेतात. या कॅनच्या बाबतीत तेवढी काटकसर सोडावी. लेबल फाडून, तळाला खिळ्याने चार-पाच भोकं पाडून मगच तो भंगारवाल्याला द्यावा.